पिशवीभर दूध आणि सुरतेची वखार



सुरतेहून उत्तरेकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, उतराणला घटकाभर थांबते आणि मग कोसाड येते. स्थानक लहानसे आहे; गाव मात्र आता गाव राहिलेले नाही. जेथे शेते होती तेथे इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. दुर्बल घटकांसाठी सुरत महानगरपालिकेने बांधलेली मोठी वसाहत येथेच आहे आणि तापीकाठच्या झोपड्यांतून उठविलेली अनेक कुटुंबे तेथे राहावयास आली आहेत. एका परिचिताच्या ओळखीने तेथील एका खानदेशी घरी जाण्याचा योग आम्हांस आला.

खरे सांगावयाचे तर आम्ही एक हेतू मनात धरून गेलो होतो. मोठमोठ्या कंपन्यांच्या मालावाचून संसार कसा करावा, कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती वर्ज्य करावी, याची एक यादीच या सदरात देण्याचा आमचा विचार होता. घरधनीण जमिनीवर बसून साडीला लेस लावीत होती. शेजारी अशा साड्यांचा गठ्ठा. माल व्यापाऱ्याचा, मजुरी नगाप्रमाणे, आणि ती किती हे ठरविणाराही व्यापारीच. कोपऱ्यातील फळीवर साबण, चहा, शाम्पू यांच्या सर्वांत लहान पुड्या ओळीने टांगलेल्या. आम्ही आमचा विषय काढला तेव्हा हातातील सुई न थांबविता ती म्हणाली, "भाऊ, कोणाचा माल चांगला आणि कोणाचा वाईट, हे बघायला पैसा रोख लागतो. आमचं सगळं उधारीवर. वाणी देईल ते घ्यायचं."

यादी आमच्या खिशातच राहिली.

पोट भरलेल्या माणसाने खरेदीतील सदाचार शिकवावा आणि हातावर पोट असलेल्याने तो ऐकावा, यात काहीतरी विपरीत आहे. लहान पुडीत माल बहुधा महागच पडतो, हे त्या बाईला ठाऊक नव्हते असे नाही. एकटे घर कंपनीपुढे उभे राहिले तर कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि कंपनी म्हणजे काय हे सुरतेहून अधिक कोणास ठाऊक असावे? इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज येथे १६०८ साली लागले आणि १६१३ साली बादशहा जहांगीराच्या परवान्याने तिची वखार येथे पक्की झाली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरतेवर स्वारी केली तेव्हाची वखारीची हकीकत आपण शाळेत वाचलीच आहे. ज्यांनी हा देश कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा लंडनमधील भागधारकांच्या नफ्यासाठी ही मंडळी येथे तराजू घेऊन बसली होती. तराजूवरून त्यांची मजल राज्यापर्यंत कशी गेली, तो इतिहास येथे सांगत बसत नाही.

आम्ही बोलत असता त्या घरचा मुलगा दुधाची पिशवी घेऊन आला. पिशवी सुमूलची होती. घरात कंपन्यांच्या पुड्या टांगलेल्या. परंतु ही एक पिशवी कोणा शेठची नव्हती. सुमूल म्हणजे सुरत जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ. तो १९५१ साली स्थापन झाला. त्याची वाट आधी खेडा जिल्ह्याने पाडली होती.

ती गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांनी सावकाश वाचावी. १९४५ साली मुंबई सरकारने आणंद भागातील दूध मुंबईस आणण्याची योजना काढली आणि ते दूध पुरविण्याचे काम पोल्सन या खाजगी डेअरीकडे गेले. मुंबईचा ग्राहक पैसे मोजू लागला, डेअरीस नफा होऊ लागला. म्हैस पाळणाऱ्याच्या पदरात मात्र भर पडेना. दूध ही नाशवंत वस्तू. कापूस घरात ठेवून भावाची वाट पाहता येते, तशी दुधाची पाहता येत नाही. सकाळचे दूध दुपारी फाटते. शेतकऱ्याच्या या अडचणीवरच सारा व्यवहार उभा होता. गाऱ्हाणे सरदार पटेलांकडे गेले. त्यांनी मोरारजी देसाई यांस पाठविले आणि ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा या गावी सभा भरली. गावोगावी दुधाच्या मंडळ्या काढाव्यात, त्यांचा एक संघ करावा, आणि सरकारने दूध त्या संघाकडून घ्यावे, असे तेथे ठरले. सरकारने नाही म्हटले. मग पंधरा दिवस शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यास दूध घातले नाही. त्या पंधरा दिवसांत ज्यांच्या घरी दूध हेच रोजचे नाणे होते त्यांनी काय केले असेल, याचा विचार दूध विकणाऱ्या आमच्या भगिनींनी करावा. मुंबईस दूध पोहोचेना, तेव्हा सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली. जून १९४८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा दोन गावांच्या मंडळ्यांचे रोजचे दूध अवघे अडीचशे लिटरच्या आसपास होते. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल, आणि १९४९ साली त्यांना येऊन मिळालेले केरळचे तरुण अभियंते वर्गीस कुरियन, या दोघांनी पुढे त्याचे अमूल केले.

यात आम्हांस विशेष वाटते ती मोजमापाची पद्धत. दूध गावातच, सर्वांदेखत मोजले जाते. त्यातील स्निग्धांश तपासला जातो. त्याप्रमाणे दाम मिळतो. रांगेत पाटील पुढे आणि दुबळा मागे असा नेम नाही. पाणी घालणारा सभासदही त्याच यंत्राने पकडला जातो, हे सांगावयास हवे. कारण लबाडी केवळ शेठजीच करतात असे मानण्याचे कारण नाही.

सुरत जिल्ह्यास ही बुद्धी खेड्याहून उसनी घ्यावी लागली असेही नाही. सोनसक गावी १९१९ सालीच कापूस एकत्र विकण्याची सहकारी मंडळी निघाली होती. आजही कोसाडहून दोन स्थानके पुढे सायणला उतरावे तर तेथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना आहे.

परंतु शेतकऱ्याजवळ विकावयास दूध असते, ऊस असतो. लेस लावणाऱ्या बाईजवळ काय असते? येथे आम्हांस इंग्लंडमधील रॉचडेल गावचे लोक आठवले. त्यांतही अनेक विणकर होते, आणि सुरत हे मागांचे शहर. दर आठवड्यास काही पेनी बाजूला टाकून अठ्ठावीस सभासदांनी अठ्ठावीस पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी एक दुकान उघडले. माल म्हणजे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ. भेसळ नाही, माप पुरे, प्रत्येकास एक मत, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांस परत. त्यांचा आणखी एक नियम फार कडक होता: उधारी बंद.

म्हणजे पुन्हा त्या बाईच्या बोलण्याशीच आपण येऊन ठेपतो. उधारीत रुतलेल्यास हे दुकान उपयोगाचे नाही. आधी त्याचा पाय मोकळा झाला पाहिजे. आमच्या वसईकर वाचकांस हे पुस्तकातून शिकावयास नको. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठीच १९१८ साली तेथे जी संस्था निघाली ती आज बसीन कॅथलिक बँक म्हणून उभी आहे. अहमदाबादेस इला भट यांच्या सेवा संस्थेतील चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून १९७४ साली आपली बँक काढली. भाजी विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या या बायका. अनेकींना सही येत नव्हती, म्हणून पासबुकावर त्यांचे छायाचित्र लावण्यात आले.

संत योहान तेविसावे यांनी १९६१ सालच्या आपल्या परिपत्रकात शेतकरी व कारागीर यांच्या सहकारी संस्थांची पाठराखण केली होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली त्याही पुढे जाऊन, वस्तू विकत घेणे हे नेहमीच नीतीचेही कृत्य असते असे सांगितले आणि त्याच जागी ग्राहकांच्या सहकारी संस्थांचा उल्लेख केला. या दोन गोष्टी त्यांनी शेजारी ठेवल्या, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

सहकार हा शब्द पाटीवर असला की काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि कित्येक संसारी माणसांची आयुष्याची पुंजी अडकून पडली. एकाच बांधकाम उद्योगसमूहास वारेमाप कर्ज दिले गेले होते आणि ते लपविले गेले होते. नावाने सभासद मालक होते. हिशेब त्यांच्यासमोर येत नव्हता. वार्षिक सभेस जाऊन चहा पिऊन परतणारे सभासद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आमचीही गणना त्यांतच व्हावी.

हे सारे आम्ही त्या घरी इतक्या विस्ताराने बोललो नाही. दूध, रॉचडेलचे दुकान आणि अहमदाबादची बँक, एवढेच सांगितले. बाईंनी सुई टोचून ठेवली आणि बोटांवर घरे मोजली. तांदूळ आणि तेल एकत्र आणावयास या जिन्यात नऊ घरे तयार होतील, असे तिचे म्हणणे पडले. दहावीचे नाव घेऊन ती थांबली. त्या घरची उधारी सर्वांत मोठी होती आणि वाण्यास कळले तर तो दुसऱ्याच दिवशी तगादा लावील. मग तिने आम्हांस विचारले, "पण भाऊ, पैसे कोणाच्या हाती ठेवायचे?"

वहीत लिहून, महिन्यातून एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे, असे आम्ही म्हटले. वाचणार कोण, हा तिचा पुढचा प्रश्न होता. दुधाची पिशवी आणणारा मुलगा सातवीत शिकतो. तिने त्याच्याकडे पाहिले.