रॅम्प विंगेपर्यंत न्या

१९७३ मध्ये रंगमंचावर नाचतानाच ब्रिटिश नर्तकी सेलेस्ट डँडेकर पडल्या. पाठीचा कणा दुखावला, व्हीलचेअर आली. १९९१ मध्ये त्यांनीच अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह लंडनमध्ये ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था काढली आणि अपंग व धडधाकट नर्तक एका तालमीत घाम गाळू लागले. आपल्याकडे मात्र अपंग मुलांचा नाच म्हणजे ३ डिसेंबरचा, जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम: शाल, श्रीफळ, पाणावलेले डोळे. ठेका चुकला तरी टाळ्या; ही दाद नव्हे, कीव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २९ कलेतल्या सहभागाची सोय करायला सांगते. पण अनेक नाट्यगृहांत रॅम्प असलाच तर प्रेक्षागृहापुरता. विंगेत जायला त्याच चार अरुंद पायऱ्या. व्हीलचेअरवरून कलाकारही येईल, हे नकाशा काढणाऱ्याच्या गावीच नव्हते! पालिकांनी पुढच्या दुरुस्तीच्या निविदेत विंगेपर्यंतचा रॅम्प आधी लिहावा.