एका छपराखालीं दोन वयांचीं पिल्लें

मार्गशीर्ष उजाडला कीं कोंबड्यांच्या पिल्लांच्या मरतुकीविषयीं तक्रारी कानीं येऊं लागतात. पन्नास पिल्लें आणलीं, पंधरवड्यांत निम्मीं उरलीं नाहींत, असें सांगणारा शेतकरी दोष बहुधा पिल्लें देणारास किंवा हवेस देतो. हवा निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. निफाडकडे ऐन थंडींत कांहीं रात्रीं पारा ५ अंशांच्या खालीं जातो. परंतु आमच्या मतें पुष्कळ मरतुकीचें मूळ खुराड्याच्या आंतच असतें. निरनिराळ्या वयांचीं पिल्लें एकत्र कोंडणें, हें तें मूळ होय.

खुडूक कोंबडी दहाबारा पिल्लें पंखांखालीं घेते, तेव्हां तिला हिशेब शिकवावा लागत नाहीं. यंत्रावर उबविलेल्या पिल्लांस मात्र आई नाहीं. तिचें काम पाळणारानें करावयाचें असतें. नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, आणि अंगची उष्णता राखण्याची शक्ति त्यास पहिले दोनतीन आठवडे पुरती येत नाहीं. म्हणून पहिल्या आठवड्यांत त्याच्या पाठीच्या उंचीवर सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब पाहिजे. पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंश कमी करीत जावें. आतां याच हिशेबानें पाहा: चौथ्या आठवड्यांतल्या पिल्लास २६ अंश पुरतात. मग एका दिव्याखालीं दोघांचें भागावें कसें? थोरलें धापा टाकील, नाहीं तर धाकटें गारठेल. बरें, थोरलें दांडगें असल्यामुळें उबेची जागा व खाण्याचें भांडें तेंच अडवितें आणि धाकट्यास टोंचून काढतें.

याहून मोठें भय रोगाचें आहे. रक्ती हगवणीचे जंतु थोरल्या पिल्लांच्या विष्ठेंतून पडतात. तीं स्वतः धडधाकट दिसतात, कारण थोडा प्रसाद मिळून तीं निभावलेलीं असतात. ओलसर तुसांत ते जंतु पक्व होतात आणि कोंवळ्या पिल्लाच्या पोटांत एकदम मोठ्या प्रमाणांत जातात. कोंकणांतील पावसाळ्यांत तर तूस ओलें राहण्यास निमित्तच नको. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब घालून देतात; वयांची खिचडी झाली म्हणजे कोणास दिली आणि कोण राहिलें हेंही कळेनासें होतें.

बाजारच्या दिवशीं मुलें लालहिरवीं रंगविलेलीं दोन पिल्लें हौसेनें आणतात व घरच्या पिल्लांत सोडतात. दोन पिल्लांचा तो सौदा कधीं कधीं सबंध खुराड्यास भोंवतो. अशीं पिल्लें निदान तीन आठवडे वेगळ्या डालग्यांत, दूर अंतरावर ठेवावींत.

उबेसाठीं पन्नास पिल्लांस शंभर वॅटचा दिवा पुरतो. आम्ही तर साठ वॅटचे दोन टांगा म्हणतों, म्हणजे एक गेला तरी रात्रीं अंधार व गारठा दोन्ही एकदम येत नाहींत. हे दिवे जुन्या तारेचेच हवेत. हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत, आणि कित्येकांची फसगत येथेंच होते. भोंवतीं फूट-दीड फूट उंचीचें पत्र्याचें किंवा पुठ्ठ्याचें गोल कडें करावें. कोपरा नसला कीं पिल्लें कोपऱ्यांत एकमेकांवर चढून गुदमरत नाहींत. तपमान पाहण्यास पारा नसला तरी पिल्लेंच सांगतात. दिव्याखालीं दाटी करून चिंवचिंव करूं लागलीं तर ऊब कमी, चोंच उघडून कडेला सरलीं तर अधिक, एकाच अंगास जमलीं तर दुसरीकडून वारा लागतो आहे. सगळीकडे पांगून स्वस्थ निजलीं तर पाळणारानेंही निजावें, पण पहाटे एकवार उठून पाहावें.

वीज जाते त्या रात्रीं कित्येक जण खोली घट्ट बंद करून कोळशाची शेगडी ठेवतात. ती कधींही ठेवूं नये. तिचा विषारी वायु पिल्लांबरोबर राखणदाराचाही जीव घेतो. कढत पाण्याच्या बाटल्या गोणपाटांत गुंडाळून कड्यांत ठेवणें बरें. मुंगूस, घूस व मांजर यांच्यासाठीं अर्ध्या इंचाची जाळी पाहिजे. मोठ्या भोंकांच्या जाळींतून घुशीचें तोंड आंत जातें.

कोणी म्हणतील, एकच खुराडें असणाऱ्या गरीब बाईनें करावें काय? पहिला गट बाहेर पडून खुराडें चुन्यानें सारवून दोन आठवडे मोकळें राहीपर्यंत तिनें दुसरा गट आणूं नये. तेवढा धीर धरवत नसेल तर थोडे पैसे अधिक देऊन महिना-सवा महिन्याचीं, लस दिलेलीं पिल्लें घ्यावींत. दोन खुराडीं असतील तर दाणापाणी आधीं धाकट्यांस, मग थोरल्यांस; उलट कदापि नको.

यांत सहकारी संघांचें कर्तव्य आहे असें आम्ही स्पष्ट म्हणतों. प्रत्येक सभासद आपल्या सोयीनें आठवड्यागणिक पिल्लें मागवतो, आणि वाडीभर सर्व वयांचीं पिल्लें शेजारीं शेजारीं वाढतात. गावच्या सर्व मागण्या एकत्र करून एकाच दिवशीं पिल्लें उतरविलीं व चार आठवडे एका सामाईक उबघरांत राखून मग वांटलीं, तर राखणीचा खर्च सर्वांवर थोडा थोडा पडेल. बचतगटाच्या पैशांतून पिल्लें घेणाऱ्या भगिनींच्या पदरीं मेलेलीं पिल्लें व हप्ता असें दुहेरी नुकसान येणार नाहीं. संघाच्या पुढील सभेंत हा प्रश्न मांडावा, आणि उबघरास जागा कोण देतो हें त्याच सभेंत ठरवून घ्यावें.