अम्मींची गोळ्यांची पिशवी

आर्णीत आमच्या अम्मी शुगरच्या गोळ्या इथल्या डॉक्टरांच्या घेत, बीपीच्या यवतमाळच्या. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक आम्हीच मेडिकलमधून आणून द्यायचो. पाय सुजले, रक्त तपासले, तेव्हा कळले की किडनीवर ताण आलाय. अशा दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतो, किडनीही बिघडू शकते. आम्ही शिकलेले, पण कधी विचारलेच नाही!

आता सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवतो. रमजानपूर्वीही विचारतो, कारण रोजात काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. कुरआनात सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत आहेच.

तुमच्या घरातल्या बुजुर्गांच्या गोळ्या शेवटच्या कुणी एकत्र पाहिल्या?