समारंभ झाला, पण डिप्लोमा?

कोकणातून आखातात गेलेली कितीतरी कुटुंबे मुलांना आंतरराष्ट्रीय शाळेत घालतात. बारावी झाली की झगा-टोपीचा समारंभ होतो, फोटो गावी येतात, दादी मिठाई वाटते. आम्हीही मुबारकबाद देतो. पण पालकांनो, एक गोष्ट दोन वर्षे आधीच विचारून घ्या.

अशा अनेक शाळांत दोन निरनिराळे कागद असतात. शाळेचा दाखला क्रेडिट पुरी झाल्यावर शाळाच देते. आयबी डिप्लोमा मात्र बाहेरची संस्था देते. सहा विषय, प्रत्येकी ७ गुण, ४,००० शब्दांचा निबंध आणि थिअरी ऑफ नॉलेज मिळून ३, एकूण ४५. किमान २४ हवेत, शिवाय कला, खेळ, सेवेची कामे पुरी हवीत. म्हणजे पहिला कागद हाती येऊनही दुसरा हुकू शकतो.

मुलीला भारतात डॉक्टर व्हायचे असेल तर भौतिक, रसायन, जीव तिन्ही विषय लागतात. डिप्लोमाच्या नेहमीच्या चौकटीत त्यांतले दोनच बसतात. तिसऱ्यासाठी शाळेमार्फत खास परवानगी काढावी लागते. ती विषय निवडतानाच मागा. निकालाच्या दिवशी विचारून उपयोग नाही.