खडकावरची मुळे



आमच्या चर्चच्या ग्रोटोसमोर हिरवळ होती. हुबळी-धारवाडात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात ती करपली. आता टँकर आणून नवी हिरवळ लावावी, असे काहींचे म्हणणे आहे. आमचे मत निराळे आहे. तिथे दगडांची बाग करावी.

स्वित्झर्लंडमधल्या ज्या बासल शहराच्या मिशनने 1837 साली धारवाडात काम सुरू केले, त्या देशाच्या उंच डोंगरांत खडकाच्या फटींतून वीतभरही न वाढणारी झाडे वर्षानुवर्षे जगतात. वर इवलीशी, खाली लांब मुळे. ती आपल्या उन्हात टिकणार नाहीत. पण आपल्या माळावर विष्णुक्रांत आहे: जमिनीलगत पसरणारी, सकाळी निळी फुले उघडणारी, मुळाशी चिवट. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून मुरूम आणि वाळू मिसळावी. दगड मागे किंचित कलते ठेवावेत, म्हणजे पाणी फटीत उतरते. सुरुवातीला रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदाच भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मूळ ओलाव्यामागे खाली जाते.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी लगेच उगवते आणि ऊन चढताच सुकते. आम्ही पुष्कळ वर्षे दोष खडकाला देत होतो. पण येशू कारण सांगतो ते मूळ नसल्याचे. खडकालाही फट असते. तिथे मूळ उतरले, तर तोच दगड त्याला सावली देतो.

हे आम्हांला आमच्याच वर्गामुळे कळले. दृढीकरणाआधी दोन महिने आम्ही मुलांवर रोज शिकवण शिंपडतो. संस्काराच्या दिवशी सगळे कसे टवटवीत! पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निम्मी मुले मिस्साला दिसत नाहीत. आम्ही मुलांना नावे ठेवली. चूक आमच्या पाणी घालण्यात होती.

म्हणून आमची सूचना अशी: दृढीकरणाचा वर्ग दोन वर्षांचा करावा, महिन्यातून दोनदाच भरावा, आणि प्रत्येक मुलाबरोबर धर्मग्रामातले एक वडीलधारे माणूस असावे. आजारी शेजाऱ्याकडे जाताना त्यांनी मुलाला सोबत न्यावे, घरी बसून त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. तो दगड होण्याची तयारी आपल्यापैकी किती जणांची आहे? टँकरचे पैसे देणे त्याहून सोपे आहे.

प्रभू आमची मुळे खोल नेवो. आमेन.