होडीवाल्याची पावती

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य पाणथळ प्राधिकरण



जानेवारीतल्या एखाद्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला आलात, तर चापडगावच्या पक्षिनिरीक्षण मनोऱ्यावर उभं राहायला जागा मिळायची नाही. मी सांगते आहे ती गोष्ट मात्र मे महिन्यातल्या एका मंगळवारची आहे. पाहुणे पक्षी केव्हाच परतलेले, पाणी उतरून कडेचा गाळ भेगाळलेला. माझी विद्यार्थिनी होडीच्या काठावरून वाकून काचेच्या बाटलीत पाणी भरत होती. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी नमुना फुकट जातो, म्हणून श्वास रोखून. त्या बाटलीत दोन रसायनं सोडली, की पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. त्या दिवशी जलपर्णीखालच्या पाण्याचा साका पांढरा आला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता वहीत नोंद केली.

परतताना तिनं होडीवाल्या मामांना चारशे रुपये दिले. महाविद्यालयाच्या कार्यालयात ते चारशे कधीच मंजूर झाले नाहीत. पावती हवी होती, तीही जीएसटी क्रमांकासह. मामांकडे होडी आहे, जाळी आहेत, कुठल्या महिन्यात कुठल्या खळग्यात मासा बसतो याचं ज्ञान आहे. क्रमांक तेवढा नाही.

हे आपल्याला का लिहिते आहे? 2017 च्या पाणथळ नियमांनुसार अधिसूचित करायच्या प्रत्येक पाणथळीचा संक्षिप्त दस्तऐवज राज्य सरकारच्या विभागानं तयार करायचा असतो, आणि त्याच्या आधारे शिफारस करणं हे राज्य प्राधिकरणाचं काम आहे. सीमा कुठली, तिच्यावर परिणाम करणारं क्षेत्र किती, तिचा पर्यावरणीय स्वभाव काय, लोकांचे पूर्वापार हक्क कोणते, हे सगळं त्यात यायला हवं. शिवाय आपल्या प्राधिकरणात पाणथळ परिसंस्था, जलविज्ञान, मत्स्यव्यवसाय, भूदृश्य नियोजन आणि सामाजिक-आर्थिक विषय यांचा एकेक तज्ज्ञ नेमायचा असतो. हे तज्ज्ञ कुठून येणार? चिखलात गुडघाभर उतरून चार वर्षं काढलेली मुलं आज नसतील, तर वीस वर्षांनी त्या खुर्च्यांवर बसायला माणसं मिळतील, पाणथळ ओळखणारी माणसं मिळणार नाहीत.

नांदूर मध्यमेश्वरला आपण कौतुकानं ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतो. मग भरतपूरचं नुसतं नाव कशाला, धडाही घेऊ. 1982 मध्ये तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी पाणथळीची नासाडी करतात, हे तेव्हा इतकं उघड वाटत होतं की मोजून पाहायची गरजच कुणाला भासली नाही. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसं मात्र 1980 च्या त्या दशकात वर्षामागून वर्षं तिथं मोजत बसली होती. पाणी, गवत, मासे, पाखरं, सगळं. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासातून निघालं ते उलटंच. म्हशी गेल्या आणि पास्पॅलम नावाचं गवत माजलं. त्यानं उघडं पाणी झाकून टाकलं, बदकांना उतरायला जागा उरेना. म्हशी त्या पाण्याच्या शत्रू नव्हत्या, बिनपगारी माळी होत्या. दोन वर्षांत गुंडाळलेल्या प्रकल्पाला हे दिसलं असतं का? मला शंका आहे.

तसेच प्रश्न आपल्याकडेही पडून आहेत. पाणी उतरलं की मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर गाळपेर होते. ती बंद करावी की राहू द्यावी? हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर पट्टकादंब चरताना मी पाहिले आहेत. त्याच पिकावरची फवारणी पावसाच्या पहिल्या सरीबरोबर पाण्यात उतरते, हेही आहेच. वरच्या अंगाला निफाडची द्राक्षं, त्याच्याही वर नाशिक शहराचं सांडपाणी. जलपर्णी यंत्रानं काढली तर तिच्या मुळांत वाढणाऱ्या माशांच्या पिल्लांचं काय? मामांचं याबाबत ठाम मत आहे, अधिकाऱ्यांचंही आहे. आकडे दोघांकडेही नाहीत.

आता पैशांचं बोलते. नेट आणि जेआरएफ झालेल्या मुलाला महिन्याला 37,000 रुपये मिळतात, 2023 पासूनचा हा दर आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांनी कितीतरी घरांत पहिली पीएच.डी. आणली, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण यातलं काहीच न मिळालेली मुलंही याच विषयात काम करतात, आणि ज्यांना मिळतं त्यांचंही पोट भरतं, होडी भरत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीचा हिशेब साधा होता. होडी, पेट्रोल, बर्फ, रसायनं धरून एका फेरीला 2,000 रुपयांच्या आत. महिन्याला एक फेरी, म्हणजे चोवीस महिन्यांचे फार तर 48,000. एखाद्या तलावाकाठी बसवलेल्या दिव्यांच्या खांबांना किती लागतात, हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. (संगीत कारंज्याचा विषय मी मुद्दाम काढत नाही.)

आणखी एक अडचण नियमांतच आहे. सिंचनासाठी खास बांधलेले जलसाठे 2017 च्या व्याख्येत पाणथळ ठरत नाहीत. नांदूर मध्यमेश्वर हासुद्धा कालव्यांसाठी घातलेला ब्रिटिशकालीन बंधारा. 2020 च्या जानेवारीत रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीतलं राज्यातलं पहिलं नाव म्हणून जाहीर झाला, म्हणून नियमांच्या सावलीत आला. उजनी धरणाच्या जलाशयाचं तसं नाही. त्याच्या काठच्या भिगवणला रोहित पक्षी येतात, चिलापीनं देशी मासे मागे रेटले असं कोळी सांगतात, वरून पुण्याचं पाणी येतं. अभ्यास तिथंच व्हायला हवा. व्याख्या बदलणं आपल्या हातात नसेल, पण विद्यार्थ्याला पैसे देताना ती व्याख्या आडवी आणू नये, हे तर नक्कीच आहे.

माझी मागणी मोठी नाही. राज्यातल्या महत्त्वाच्या प्रत्येक पाणथळीसाठी एक वही असावी आणि ती जवळच्या महाविद्यालयात राहावी. विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी बदलतील, नोंदी मात्र दरमहा, त्याच जागी, त्याच पद्धतीनं होतील, निदान दहा वर्षं. पैसे आधी द्या, ‘खर्च करा, मग बिलं लावा’ नको. होडीवाल्याची सही असलेलं साधं व्हाउचर चालू द्या. त्याहून बरं म्हणजे त्याला क्षेत्र-सहायक म्हणून मानधनच द्या. नेट नसलेल्यांना आणि एम.एस्सी.च्या मुलांनाही यात घ्या. आणि वर्षातून एकदा ती वही काठावरच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवण्याची अट घाला. मामा चुका काढतील. काढू देत.

ती मुलगी आता एका औषध कंपनीत पाळीची नोकरी करते. घरात कमावणारं कुणी नव्हतं, थांबणं शक्य नव्हतं. मी तिला दोष देत नाही. जाताना वही माझ्याकडे ठेवून गेली. सतरा महिन्यांच्या नोंदी आहेत, पुढची पानं कोरी. या वर्षी माझ्याकडे एक मुलगा आला आहे, गोदाकाठच्याच गावचा, पोहता येतं, बाटलीही न थरथरता भरतो.

पावसाआधीची फेरी मे महिन्यात करावी लागते. आपण एप्रिलअखेर कळवलंत तर ती चुकणार नाही. मामांना मी सांगून ठेवलं आहे.

आपली,
नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातली प्राणिशास्त्राची शिक्षिका