सहल सगळ्यांची असावी



मागच्या शनिवारी वर्गात सहलीचा विषय निघाला. गुरुजींनी विचारले, "यंदा कुठे जायचे?" लगेच सगळे ओरडले, "समुद्र! मालवण!" त्याला कारण मीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मालवणला जाऊन आलो आणि तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत समुद्राच्याच गोष्टी सांगतो. म्हणून माझे मत मी इथे लिहीत आहे.

माझे मामा जुळे सोलापुरात राहतात. त्यांच्याबरोबर आम्ही एसटीने गेलो. सोलापूर ते मालवण अंतर साडेतीनशे किलोमीटरांपेक्षा जास्त आहे. कोल्हापूरच्या पुढे फोंडा घाट लागतो. घाट उतरताना कान गच्च होतात आणि खाली आले की नारळाची झाडे दिसू लागतात.

समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी काही बोललोच नाही. पलीकडचा काठच दिसत नाही! आम्ही होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. हा जलदुर्ग आहे, म्हणजे पाण्यातला किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली तो बांधायला घेतला आणि १६६७ साली तो पूर्ण झाला. किल्ल्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर दिसतो. शत्रूला सापडू नये म्हणून तसा केला आहे. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवाजी महाराजांचे देऊळही आहे.

मला सगळ्यांत जास्त नवल वाटले ते विहिरींचे. चहूकडे खारा समुद्र आणि आत तीन गोड पाण्याच्या विहिरी! दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे आहेत. घरी आल्यावर आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "एवढं पाणी असून खारं, आन् आपल्याकडं गोड पण घागरभर. देवाची करणी बघ की रं."

दुसऱ्या दिवशी तारकर्लीच्या वाळूत खूप खेळलो. तिथे रापण बघितली. रापण म्हणजे लांबच लांब जाळे. होडीतून ते समुद्रात टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. एकट्यादुकट्याचे ते काम नाही. मामा म्हणाले, "ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो."

आता सहलीचे सांगतो. गुरुजींनी खर्चाचा अंदाज सांगितला आणि म्हणाले, "ज्यांना यायचे आहे त्यांनी हात वर करा." आम्ही वर्गात २६ जण आहोत. ११ हात वर झाले. एक जण म्हणाला, "मला समुद्र आवडत नाही." तो कोण ते मी लिहिणार नाही. पण मी आणलेला शंख तोच रोज मागून घेतो आणि कानाला लावून बसतो. त्याला समुद्र आवडत नाही, हे खरे नाही. त्याच्या घरी आत्ता पैसे नाहीत, हे खरे आहे. मी त्या वेळी हात वर केला होता. नंतर मला वाईट वाटले.

म्हणून माझे मत असे की यंदा मालवणला जाऊ नये. ११ जणांनी जायचे आणि १५ जणांनी शाळेत बसायचे, ही वर्गाची सहल नव्हे.

मग कुठे जायचे? आपल्या सोलापूरला. काही जण म्हणतील, ते तर बघितले आहे. आपण गड्ड्याच्या जत्रेला जातो, पाळण्यात बसतो, भजी खातो आणि घरी येतो. पण सिद्धेश्वराचे तळे नीट कोणी बघितले? तिथेही पाण्याच्या मधोमध देऊळ आहे. सिद्धरामेश्वरांनी सुमारे ८०० वर्षांपूर्वी लोकांना कामाला लावून ते तळे खणले, असे सांगतात. शेजारीच भुईकोट किल्ला आहे. भुईकोट म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. तो बहामनी काळातला आहे. मी सिंधुदुर्ग बघून आलो, पण घराजवळचा हा किल्ला अजून आतून बघितला नाही, याची मला लाज वाटते. तिथून विजापूर रस्त्यावरच्या संभाजी तलावावर जाता येईल. जुनी माणसे त्याला कंबर तलाव म्हणतात. थंडीत तिथे लांबून पक्षी येतात. डबा घरची भाकरी आणि शेंगाचटणी. खर्च फक्त एसटीचा, आणि शाळेच्या सहलीला एसटी निम्मी सवलत देते.

तळे म्हणजे समुद्र नव्हे, हे मला माहीत आहे. मी दोन्ही बघितले आहेत. म्हणून समुद्राचे नाव सोडू नये. वर्गाची एक बचतपेटी करावी. सातवीपर्यंत ३ वर्षे आहेत. आठवड्याला ५ रुपये टाकले तर वर्षाचे २६० होतात आणि ३ वर्षांचे ७८० होतात. ज्याला जमेल त्याने जास्त टाकावे, नसेल जमत त्याने कमी टाकावे, पण कोणी किती टाकले ते विचारू नये. मी खाऊचे पैसे टाकणार आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून सहल हिवाळ्यात न्यावी.

पालकांनो, तुम्ही भिंतीजवळ उभे राहून हे वाचत असाल तर गुरुजींना तुमचेही मत सांगा. मला वाटते, सहल रापणीसारखी असावी. सगळ्यांनी मिळून ओढावी आणि सगळ्यांना वाटा मिळावा.

शंख मी वर्गाच्या कपाटात ठेवला आहे. कोणीही घ्यावा, कानाला लावावा आणि परत जागेवर ठेवावा.

— इयत्ता ४ थी